सायकलीमागची पाखरं

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की यवतमाळहून बाहेर पडणाऱ्या सगळ्या रस्त्यांना एकच वास येतो. थोडा उभ्या कपाशीचा, थोडा धुरळ्याचा, थोडा कुठेतरी पेटवलेल्या काडीकचऱ्याचा. परवा संध्याकाळी मी कळंबहून स्कूटीवर परत येत होते. हेल्मेटची काच वर केलेली होती, कारण ती खाली केली की मला कोंडल्यासारखं होतं. नेमकं तेव्हाच एक पाखरू, पतंगाच्या जातीचं, आत शिरलं आणि गालाजवळ फडफडायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं. राखट तपकिरी रंग, तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं, पंखांच्या कडेला बारीक झालर. मी त्याला लगेच ओळखलं. ओळखल्यावर त्याचं काय करायचं ते मात्र कळेना. मारायचं, की सोडायचं, की मोजायचं? हात आपोआप पर्समध्ये गेला, वही शोधायला. वही असायचं काही कारणच नव्हतं. मी आता शाळेत विज्ञान शिकवते, पाखरं मोजायची नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली. तेवढ्यात ते उडून गेलं आणि मी हेल्मेट हातात धरून येड्यासारखी रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

एवढंसं पाखरू, पण त्यानं मला थेट बोंडअळीच्या वर्षात नेऊन सोडलं. त्या वर्षाला आमच्याकडे कुणी सनानं ओळखत नाही. कुणी बोंडअळीचं वर्ष म्हणतं, कुणी फवारणीचं. मी माझ्यापुरतं त्याला सायकलीचं वर्ष म्हणते. का म्हणते, हे सांगायला बसले की मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि पहिल्यापासून म्हणजे नेमकं कुठून, इथंच माझा गोंधळ सुरू होतो.

सायकल मला आठवीत मिळाली होती, लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना मिळायची तशी. आमच्या गावाहून कळंब सात किलोमीटर. सकाळी जाताना रस्ता आमचा असायचा, संध्याकाळी येताना किड्यांचा. मोटारीत बसणाऱ्याला हे कळायचं नाही. मोटारीत किडा काचेवर आपटतो आणि संपतो. सायकलवाल्याची काच म्हणजे त्याचं तोंड. तिन्हीसांजेला उतरतीवर सायकल सोडली की गार वारा लागायचा, मजा वाटायची, आणि त्याच मजेत कपाळावर टप्पकन काहीतरी कडक येऊन बसायचं. ते भुंगेरं. नाकात शिरतं ते चिलट. केसांत अडकून रागावतं ते नाकतोड्याचं पिल्लू. आणि पांढरी माशी तर कपाशीतून ढगासारखी उठायची, आपण तिच्यातून आरपार जायचो आणि घरी आल्यावर भुवयांमध्ये पीठ सांडल्यासारखं दिसायचं. एका हातानं हाकलावं तर हँडल डुगडुगतं, दोन्ही हात हँडलवर ठेवावेत तर किडा पापणीवर ठाण मांडतो. डोळे मिटावेत तर पुढं एसटी.

यावर आम्ही मुलींनी आमची विद्या तयार केली होती. मान खाली, डोळे बारीक, ओढणी नाकापर्यंत, आणि तोंड उघडायचं नाही. पण तोंड न उघडता सात किलोमीटर जायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून आम्ही घंटीवर बोलायचो. एकदा वाजवली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि सारखी वाजवत राहिली म्हणजे मागच्या मोटारसायकलवरचा मुलगा बघतोय. वैशाली नावाची माझी मैत्रीण होती, तिला मात्र गप्प बसणं जमायचंच नाही. एका चतुर्थीला तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि चिलट सरळ घशात गेलं. ती सायकलवरून उतरून रडायला लागली. चिलटासाठी नाही, उपासासाठी. कळंबच्या चिंतामणीला तिनं बारावीच्या पेपरासाठी एकवीस चतुर्थ्या बोलल्या होत्या आणि ही एकोणिसावी होती.

"सुजाता, मोडला का वं माह्या उपास?" ती मला विचारत होती. मला! आमच्या घरी चतुर्थी नाही. आमच्या घरी बुद्धविहार, पौर्णिमा आणि सकाळचं पंचशील. मी म्हटलं, "तू खाल्लं कुठं, ते स्वतःहून गेलं." ती म्हणाली, "पोटात तं गेलं ना." मी फार विचार केला. मग मलाच वेगळी धास्ती बसली. पंचशीलातला पहिलाच नियम जीवहत्या करू नये असा आणि मी रोज संध्याकाळी कपाळावर दहा-वीस जीव चिरडत घरी येत होते. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तू मारले का ते आपटले, हे पाह्य." हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं. नंतर पटेनासं झालं.

बाबांचं फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकली कमी होत गेल्या, दुकान राहिलं. बाबांचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू टाकायची नाही. चपलेचा पट्टा ब्रेकला, फाटक्या ट्यूबची पट्टी पाणी भरायच्या कळशीला, आणि एकदा तर आईच्या बांगडीचा तुकडा एका गिऱ्हाइकाच्या डायनामोला. त्यांच्या हाताखालून गेलेली सायकल चालायची छान, पण ती नेमकी कशाकशाची बनली आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हा स्वभाव मला फार आवडायचा. अजूनही आवडतो, एवढं सगळं होऊनसुद्धा.

बी.एस्सी. झाले आणि त्या पावसाळ्यात मला हंगामापुरती नोकरी लागली, कीड-सर्वेक्षणाची. आजूबाजूच्या पाच गावांतल्या ठरावीक शेतांत सापळे लावायचे, त्यांत अडकलेली पाखरं मोजायची, आकडा कळवायचा. सापळा म्हणजे पिवळं नरसाळं, वर झाकण, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी. झाकणाच्या आत एक रबराची टोपी टांगायची, औषधाच्या बाटलीचं बूच असतं तेवढी. त्या टोपीला बोंडअळीच्या मादीचा वास लावलेला असतो. आपल्या नाकाला काही कळत नाही. नराला मात्र लांबून कळतं, तो मादी समजून येतो आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतो. पाखरं वाढली म्हणजे पुढं अंडी, मग अळी, मग ती हिरव्या बोंडात शिरणार. म्हणून पाखरांवर लक्ष ठेवायचं. एका सापळ्यात रोज आठ, असे सलग तीन दिवस आले की शेतकऱ्याला सावध करायचं.

सगळं सोपं होतं, एक नाव सोडून. सरकारी मराठीत या सापळ्याला कामगंध सापळा म्हणतात. बावीस वर्षांच्या मुलीनं पारावर बसलेल्या बाप्यांपुढं उभं राहून "मी कामगंध सापळे लावायला आले" असं म्हणून पाहावं. पहिल्या दिवशी एका आजोबांनी मला ते नाव तीनदा उच्चारायला लावलं, ऐकू येत नाही म्हणून. त्यांना उत्तम ऐकू येत होतं. चौथ्या दिवसापासून मी नुसतं "डब्बा लावायला आले" म्हणायला लागले.

दसऱ्यानंतर थंडी पडायला लागली आणि एक गंमत सुरू झाली. संध्याकाळी परत येताना पाखरं माझ्या मागे यायला लागली. इतकी वर्षं किडे समोरून यायचे, आपटायचे, जायचे. आता ते मागून यायचे. मी थांबले की मागच्या चाकाभोवती चार-दोन राखट पाखरं घुटमळायची, मडगार्डवर बसायची, चेनकव्हरवर चढायची. सायकलला दिवा नव्हता, मग कशाला येत होती कुणास ठाऊक. साहेबांना, म्हणजे यवतमाळहून येणाऱ्या आमच्या पर्यवेक्षकांना, विचारलं. ते म्हणाले, "बोंडअळीचा पतंग मध्यरात्रीनंतर उडतो. तुम्ही बघता ते दुसरं काहीतरी असेल." मी एक पकडून दाखवलं. ते म्हणाले, "हे तेच आहे. पण हे यावेळी उडत नाही." नंतर कळलं की थंडीत ती लवकरही उडतात. पण तेव्हा माझ्या मुठीत एक न उडणारं पाखरू फडफडत होतं आणि साहेब गाडीत बसून निघून गेले होते.

शेजारच्या इंदूकाकूंनी मात्र काढायचा तो अर्थ काढला. "सुजे, ह्या डब्ब्यात सारे नरच येते म्हंतं नं वं तू?"

"हो, काकू."

"अन् तुह्या मांगं लागून राह्यले तेबी नरच?"

"तेही नरच."

"मंग तुह्या बापाले सांग, पोरीसाठी पाहुणे पाहाची गरज नाही!" असं म्हणून त्या अशा हसल्या की कुंपणावरचा होला उडाला.

इंदूकाकूंचं हसणं त्या वर्षी मी तेवढं एकदाच ऐकलं. त्यांचं वावर आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून. आमची बौद्धवस्ती गावाच्या कडेला आणि आमचं घर वस्तीच्या कडेला, त्यामुळे भिंतीपलीकडे थेट कपाशी. काकूंच्या वावरातला सापळा आमच्या भिंतीपासून तीस पावलांवर होता. काकू आणि त्यांचे यजमान देवरावकाका, दोघंच. मुलगी सासरी. काका स्वतः राबायचे आणि फवारणीही स्वतःच करायचे. त्या वर्षी पोळ्यानंतर कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. एके दिवशी दुपारी काका पंप पाठीवर घेऊन त्या उंच कपाशीतून फवारत गेले आणि दुसऱ्या टोकाला बाहेर आलेच नाहीत. काकू आत शिरल्या तेव्हा ते ओळीत बसून ओकत होते. यवतमाळच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवलं. तिथं त्या दिवसांत अशीच माणसं भरली होती, सगळी फवारणीवरची. काका घरी आले, पण हाताचा कंप राहिला आणि नजर गेली. पूर्ण नाही. दहा पावलांपलीकडचा माणूस ते आवाजावरून ओळखायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा औषधाच्या वासालाही जायचं नाही, या वेळी वाचलात.

पण काका म्हणजे काका. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी एकच ठरवलं, आता अंदाजानं फवारायचं नाही. मला बोलावून म्हणाले, "पोरी, तू शिकेल हायस. तू आकडा सांगजो. तीन दिस आठवर गेला का मी पंप उचलतो. नाही गेला तं हात नाही लावत. माह्या शब्द."

"तुम्ही नका ना उचलू, काका. दुसरं कोणी..."

"दुसरं कोन? औंदा कोनी हात लावते का पंपाले? मले सांग."

खरंच कोणी लावत नव्हतं. दुप्पट रोज देऊनही फवारणीला माणूस मिळत नव्हता. आणि मी उगाच फुशारले. गावातला एक कर्ता माणूस माझ्या आकड्यावर चालणार! तेव्हा मला अभिमान वाटला होता, हे कबूल करायला लाज वाटते. त्या माणसाचा जीव माझ्या वहीतल्या एका रकान्यावर टांगलाय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काकूंच्या मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं.

आकड्याशिवाय आणखी एक तपासणी असायची. शेतातली वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची आणि आत अळी आहे का बघायचं. पाखरं नुसती शक्यता सांगतात, बोंड खरं सांगतं. ही तपासणी मी बाकीच्या सगळ्या शेतांत करायची, पण काकूंच्या वावरात कधी केली नाही. एकदा तोडायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "पोटातलं लेकरू फाडून पाह्यते का वं कोनी? उमललं का दिसनच." मी मागं फिरले. मी त्या रकान्यात बरोबर शेजारच्या शेतातला आकडा लिहायची. ही चूक होती, ढळढळीत. पण दुसऱ्या कुठल्या मुलीनं काकूंचा हात झटकून बोंडं तोडली असती, असंही मला वाटत नाही.

कार्तिकात, अशाच दिवसांत, काकूंच्या सापळ्यात एका सकाळी नऊ पाखरं निघाली. दुसऱ्या सकाळी अकरा. मी दोन्ही आकडे काकांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि माळ्यावरचा पंप खाली काढून धुवायला घेतला. नोझल हाताला सापडत नव्हतं तर काकूंना हाक मारली, काकूंनी दिलं नाही, तर जमिनीवर चाचपडून स्वतः शोधलं.

त्या संध्याकाळी काकू आमच्या मागच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"उद्या पाच सांगजो."

"काकू, असं कसं सांगू?"

"तोंडानं सांग, आनखी कसं. त्यायले दिसत नाही, तुले मालूम हाय. तू म्हनशीन तेच खरं. पाच म्हन, चार म्हन. पाप लागीन तं मले लागू दे."

"आणि अळी पडली तर? सगळा कापूस जाईल, काकू."

"मंग जाऊ दे," असं त्या म्हणाल्या नाहीत. तो कापूस म्हणजे त्यांचं वर्षभराचं सगळंच होतं आणि त्यांना तोही हवा होता. दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

मी सायकलीजवळ जाऊन बसले. डोकं चालेनासं झालं की मी सायकल पुसते, अजूनही काही नाही तर स्कूटी पुसते. मडगार्ड पुसताना बोट एका मऊ गोष्टीला लागलं. मडगार्ड आणि त्याची सळई यांच्या मध्ये एक रबराची टोपी ठोकून बसवलेली. पुढं चेनकव्हरच्या पट्टीखाली आणखी एक.

"बाबा, हे काय आहे?"

"ते? तुही सायकल लय खडखड करून राह्यली होती ना. त्या डब्यात पडेल होते तुह्ये जुने रबर. चांगले होते, फेकाचे काहून?"

जुन्या टोप्यांना वास उरतो, म्हणून बदलल्यावर त्या जमिनीत पुरायच्या असा नियम होता. शेतातली जमीन कडक म्हणून मी त्या घरी आणून एका डब्यात टाकायची, पावसानंतर पुरू, उद्या पुरू करत. "किती लावल्या?"

"मडगार्डले दोन, चेनकव्हरले दोन, घंटीखाली एक. सीटखाली बी असन एखांदा. आता आवाज येते का, सांग?"

आवाज येत नव्हता. दसऱ्यापासून माझी सायकल लोण्यासारखी चालत होती आणि मला वाटत होतं मीच चांगली चालवते. म्हणजे दसऱ्यापासून मी एक चालता-फिरता सापळा घेऊन पाच गावं हिंडत होते. आणि रात्री तो सापळा आमच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवत होते, काकूंच्या सापळ्यापासून तीस पावलांवर.

मग नऊ आणि अकरा ही पाखरं कुणाची? काकूंच्या कपाशीत निपजलेली, की माझ्या सायकलीनं चहूकडून बोलावलेली? की उलटंच, पाखरं होती वीस आणि त्यातली निम्मी सायकलीनं आपल्याकडे ओढली म्हणून सापळ्यात अकराच आली? मी साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फॉर्ममध्ये सायकलीचा रकाना नाही." हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. त्यांनाही कळत नव्हतं.

बाबा पक्कड घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काढू का?" मी म्हटलं, काढा. मग वाटलं, दोन दिवस टोप्यांसकट मोजलंय, तिसरा दिवस टोप्यांविना मोजला तर तुलना कशी होणार? म्हटलं, राहू द्या. मग काकूंचा चेहरा आठवला, म्हटलं, काढा. बाबा पक्कड धरून माझ्याकडे बघत उभे. शेवटी त्यांनी त्या काढल्या, घरापासून लांब नेऊन पुरल्या आणि साबणानं तीनदा हात धुतले. मला मात्र एक वाईट गोष्ट सुचली होती आणि ती जाईना. आता खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं, मग पाच म्हटलं काय आणि पंधरा म्हटलं काय, कोण मला धरणार होतं? मला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

वर्गात मुलं विचारतात, मॅडम, मोजलं की कळतं ना? मी हो म्हणते. पाठ्यपुस्तकात तसंच आहे. पण हो म्हणताना दरवेळी माझा आवाज किंचित खाली जातो, ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तिसऱ्या सकाळी दव पडलं होतं. काकूंच्या वावरात गेले तर काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आधीच येऊन बसलेले, शेजारी पंप आणि पाण्याचा ड्रम. काकू थोड्या दूर उभ्या, हातात विळा, गवत कापायला आल्यासारख्या. मी सापळ्याची पिशवी सोडून कागदावर उलटी केली. एक, दोन, तीन, चार, पाच. इथं थांबता आलं असतं. काकू माझ्याकडेच बघत होत्या. सहा. सात. आणि दोन सुटे पंख. पाखराचं अंग नाही, नुसते पंख. मुंग्यांनी नेलं असेल, नाही तर आदल्या दिवशीचे पिशवीला चिकटून राहिले असतील.

"किती?" काका धुऱ्यावरून म्हणाले.

"सात," मी म्हणाले. काकूंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि दोन पंख."

"पंख हाय म्हंजे पाखरू होतंच नं," काका म्हणाले. "आठ झाले."

मग मी सगळं सांगून टाकलं. टोप्या, सायकल, भिंत, सगळं. मी रडत होते की काय, आठवत नाही. काका शांतपणे ऐकत होते, मान तिरपी करून, नजर माझ्या थोडी डावीकडे.

"म्हंजे हे पाखरं माह्या वावरातले का तुह्या सायकलीचे?"

"मला माहीत नाही, काका."

"मंग कोनाले मालूम?"

"कुणालाच नाही."

काका गुडघ्यावर हात टेकवून उठले. "मंग वहम कायले ठेवाचा? मारून देतो एक हात. असन तं मरन, नसन तं नाही." आणि त्यांनी पंपाचा पट्टा खांद्यावर घेतला. हात कापत असल्यामुळे पट्ट्याची कडी खुळखुळत होती.

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्या कपाशीत शिरल्या. मला वाटलं काकांना अडवायला निघाल्या आहेत, पण त्या उलट बाजूला गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या पदरात हिरवी बोंडं होती. त्यांनी स्वतः तोडलेली. माझ्यापुढं मातीत बसल्या, एक बोंड मुठीत धरलं, विळ्याचं टोक लावलं आणि क्षणभर थांबल्या. मग फोडलं.

आत ओली पांढरी कापसाची फाक, दुधासारखी. अळी नाही. दुसरं फोडलं, स्वच्छ. तिसरं, स्वच्छ. काकूंचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असाव्यात. मीही घेत होते, कुणाचं ते ठाऊक नाही. चौथ्या बोंडात सरकीला चिकटून एक गुलाबी अळी वळवळली.

काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि पाचवं फोडलं. अळी. सहावं, अळी. सातव्यात दोन. मागं काका ड्रममधलं पाणी पंपात ओतत होते, त्याचा आवाज येत होता. आठवं बोंड बाहेरून इतकं टवटवीत होतं की माझा विश्वास बसला नाही, आत सगळं काळवंडून कुजलं होतं. अकराव्याला काकूंचा हात थांबला. पुढची फोडायची गरज नव्हती. सापळा, सायकल, सात, आठ, ते दोन पंख, सगळ्याला फार उशीर झाला होता. अळी केव्हाच आत जाऊन बसली होती. मी त्यांचा हात झटकून महिनाभर आधी वीस बोंडं फोडली असती तर? हा प्रश्न मी आजपर्यंत हजारदा उलटा-पालटा केला आहे. तेव्हा अळी सापडली असती, काकांनी पंप उचलला असता, आणि मग? त्यापुढं माझं डोकं जात नाही.

"सुजे," काकू हळूच म्हणाल्या, "हे आत बसली. मंग औषध आत जाते का?"

"नाही, काकू. आत शिरली की ती भोक बुजवून घेते. मग फवारा पोचत नाही."

"कितीबी मारलं तरी?"

"कितीही मारलं तरी."

"पक्कं सांग. इच्यात तरी सायकलगियकल नाही नं?"

"नाही, काकू. हे पक्कं आहे."

त्यांनी पदरातली उरलेली बोंडं खाली सांडली. फोडलेल्या बोंडांवरून एकदा हात फिरवला. वर्षाचं सगळं तिथं मातीत पडलं होतं आणि त्यांना ते दिसत होतं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय निंघालं?" काकांनी धुऱ्यावरून ओरडून विचारलं. त्यांना तेवढ्या लांबून आमचे चेहरे दिसत नव्हते.

घरात कुणाचा ताप उतरला की आतली बाई बाहेर बसलेल्यांना ज्या आवाजात सांगते, त्या आवाजात काकू म्हणाल्या, "गेला जी, आपला कापूस सारा गेला! ठेवा तो पंप खाली!"